बांगडो तोच

"वैनी, शारकुटरी म्हणजे काय ओ? सागोतीचो प्रकार काय?"

सकाळी साडेसातला फोन. माझ्या हातात कणीक. फोनवर आमच्या बचत गटातली मैत्रीण. रेडीत समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं घर आहे, मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते. पुण्याहून पाचजण यायचे होते. गणपती बघायचा (आमचा द्विभुज गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेला), मग तेरेखोलचा किल्ला, आणि संध्याकाळी अंगणात बसून समुद्राची गाज ऐकायची. वाइन आम्ही आणतो, तुम्ही फक्त शारकुटरी बोर्ड करून द्या, असं त्यांनी सांगितलेलं. हिला ऐकू आलं सागोती. ती कोंबडा सांगायच्या तयारीत होती!

हसू नका हं मैत्रिणींनो. मलाही कुठे ठाऊक होतं? पुण्याच्या भाचीला विचारलं, तिने मोबाइलवर फोटो पाठवला. लाकडी फळी, तिच्यावर खारवलेल्या मांसाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, चीजचे तुकडे, द्राक्षं, बदाम, बिस्किटं, एखादं लोणचं आणि मधे जॅमची वाटी. शब्द फ्रेंच. मूळ अर्थ 'शिजवलेलं मांस', पण त्यात खारवलेलं, धुरावलेलं, वाळवलेलं असं सगळं डुकराचं मांस येतं. फ्रिज नव्हते तेव्हा थंडीत डुक्कर कापायचं, मीठ लावून, धुरी देऊन वर्षभर पुरवायचं, त्यातून निघालेली ही विद्या.

फोटो बघितला आणि मनात आलं, अगो, ही तर आपली आगोट! पावसाच्या चार महिन्यांत होड्या बंद, बाजार लांब, म्हणून वैशाखातच सुके बांगडे, सुकट, बोंबील भरून ठेवायचे. खारवायला मीठ शिरोड्याच्या मिठागरांतलं. १९३० साली ज्या मिठासाठी तिथे सत्याग्रह झाला, तेच हे मीठ. आणि नदीपलीकडे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पुरुमेंताच्या साठवणीत चोरीसच्या माळा टांगलेल्या असतात. डुकराचं मांस, मीठ, लाल मिरची, लसूण, मसाला आणि माडाच्या सुरेचं विनेगर घालून आतड्यात भरायचं, उन्हाला नाहीतर चुलीवरच्या धुराला लावायचं. फ्रान्समधली बाई आणि आपली आजी, दोघींची अडचण एकच होती आणि दोघींनी उत्तरही एकच काढलं. फरक एवढाच की तिच्या उत्तराला शहरातल्या हॉटेलात हजार-दीड हजार मोजतात आणि आपल्या उत्तराला 'वास येतो' म्हणतात.

तर आम्ही बोर्ड केला. फळी कुठली आणणार? नवा कोरा पोळपाट होता, त्यावर केळीचं पान. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, काटे काढून, वर खोबरेल तेलाचे चार थेंब आणि बारीक कांदा. सुकटीचं किसमूर. रवा लावून तळलेली नीरफणसाची कापं. भाजलेले काजू, मीठ-मिरी लावून. चोरीस एका ख्रिस्ती मैत्रिणीकडून आणली. आमच्या घरांत डुकराचं चालत नाही, म्हणून तिलाच शिजवून द्यायला सांगितली आणि तिचे पैसे वेगळे धरले. हंगाम होता म्हणून बोंडूच्या चकत्या मीठ लावून, आणि जॅमच्या जागी कैरीचा मेथांबा. चीज ठेवलं नाही. पुण्याहून माणूस इथे येऊन चीज कशाला खाईल?

आता वाइनचं. पाहुण्यांपैकी एक बाई जाणकार होत्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगत होत्या आणि मी वहीत लिहून घेत होते. त्यांचं म्हणणं ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे, फक्त नावं निराळी. खारटाला आंबट लागतं. तळलेल्या, तेलकट पदार्थाने जिभेवर साय धरते, ती आंबटाने नाहीतर तुरटाने सुटते. तळलेल्या बांगड्यावर आपण लिंबू का पिळतो? सोलकढी जेवणात का? तेच. म्हणून तळलेल्या माशाबरोबर आंबटसर, थंडगार पांढरी वाइन. नाशिककडे सुला वगैरेंनी द्राक्षांच्या ज्या जाती रुजवल्या, त्यांतल्या सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन या कामाच्या. तांबडी वाइन तुरट. द्राक्षांची सालं-बिया रसात भिजतात त्याचा तो तुरटपणा, चहा जास्त उकळला की येतो तसा. चरबीच्या मांसाला ती बरी. पण आपल्या मिरचीपुढे ती कडू लागते, आणि दारू जितकी कडक तितकी मिरची जास्त भाजते. म्हणजे चोरीससारख्या तिखट-आंबट पदार्थाला भारी तांबडी वाइन नकोच, किंचित गोडसर पांढरी किंवा गार बिअर बरी.

गोव्यातली माणसं मात्र चोरीसबरोबर वाइन शोधत बसत नाहीत. फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत तिथे उर्राक असते. बोंडूचा रस आंबवून पहिल्या वाफेला निघते ती उर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची. तीच पुन्हा ताज्या आंबवलेल्या रसाबरोबर भट्टीला लावली की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या वर. उर्राकीत लिंबाचा सोडा, चिमूट मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. तिखटासाठी कमी, वासासाठी जास्त. हेच त्यांचं कॉकटेल. फेणीचा वास इतका उग्र की बेचव चीज त्यात बुडून जातं, तिला सुकं मासळीच हवी. हल्ली गोव्यातल्या चांगल्या बारमध्ये फेणीत कोकम घालतात, आणि वर आपलीच सुकट तळून देतात म्हणे!

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता जरा अवघड बोलते.

मी आणि ही मैत्रीण, आम्ही दोघी गावोगाव दारूविरोधी सभांना बसलेल्या बायका. महाराष्ट्रात २००८ सालच्या आदेशाप्रमाणे एखाद्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. आम्ही आडव्या बाटलीवाल्या. आमच्यापासून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे आपल्या बाजूला, पण गोव्याचा. किल्ल्याच्या पायथ्याशी फेरीत बसलं की पलीकडे केरी. तिकडे बाटली स्वस्त, इकडे महाग, आणि मधल्या हद्दीचा फायदा घेणारे किती. इन्सुलीच्या नाक्यावर पकडलेल्या गोवा बनावटीच्या दारूच्या बातम्या आपण दर आठवड्याला वाचतो. न पकडलेली कुणाच्या घरी उतरते, हे त्या घरातल्या बाईला विचारा.

मग आम्हीच दारूबरोबरचं ताट सजवायचं? त्या संध्याकाळी मी अंगणात उभी होते आणि पोटात कालवाकालव होत होती. पाहुणी बाई हसून म्हणाली, "वाइन म्हणजे काही दारू नव्हे हो." हे वाक्य मी आधी ऐकलेलं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा चौकाचौकात हेच चाललं होतं. पुढे विरोध झाला, तो निर्णय अंमलात आला नाही, पण वाक्य मात्र राहिलं.

आपण घरातल्या मापाने बघू. वाइनचा एक पेला दीडशे मिलिलिटरचा धरला आणि तेरा टक्के धरले, तर त्यात साधारण वीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रमचा तीस मिलिलिटरचा लहान पेग, बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांचा, त्यात तेरा. म्हणजे वाइनचा एक पेला म्हणजे दीड लहान पेग! काचेला लांब दांडा असला म्हणून अल्कोहोल बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की तब्येतीला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. हे मी त्या बाईंना सांगितलं. रागावल्या नाहीत. "खरंय, पण मी महिन्यातून एकदा घेते," म्हणाल्या. त्यांच्या पैशाने, त्यांच्या मर्जीने, आणि पिऊन त्या कुणाला मारणार नव्हत्या. मला गप्प बसावं लागलं. आमच्या सभांमध्ये आम्ही ज्या दारूबद्दल बोलतो, ती संध्याकाळी मजुरीतून उडते आणि रात्री भिंतीवर ताट होऊन आपटते. दोन्हींत अल्कोहोल एकच, पण पेला हातात कुणाच्या आणि पैसे कुणाचे, हा फरक मी नाकारू शकत नाही.

रात्री भांडी घासताना मी मैत्रिणीला म्हटलं, "आपण हे बरं केलं की वाईट?"

ती थोडा वेळ बोलली नाही. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी वारला. लिव्हर. त्याआधी वीस वर्षं हिच्या पडवीत रोज मैफल बसायची. रात्री दहाला हाक, "गो, दोन बांगडे तळ." चूल विझवलेली असली तरी पेटवायची. मीठ कमी झालं तर शिव्या, जास्त झालं तर ताट अंगणात. मुलांच्या वाटचा मासा चखण्याला जायचा. सकाळी त्याच पडवीतल्या बाटल्या हिनेच उचलायच्या.

"वैनी," ती म्हणाली, "तेवा फुकट तळी होतंय. आता पैसे घेतंय. बांगडो तोच."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. दारू वाईट हे मी म्हणणारच. पण दारूच्या शेजारचं ताट हे आजवर बायकांचं बिनपगारी काम होतं आणि त्याकडे दारूबंदीवाल्यांनीही, म्हणजे आम्हीही, कधी बघितलं नाही. आम्ही बाटल्या मोजल्या, किती मासे तळले गेले ते मोजलं नाही. किती घरांत बाई स्वतः थेंबाला शिवत नाही, पण कशाबरोबर काय चालतं हे तिला बारवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं! उपाशीपोटी पिणाऱ्याला लवकर चढते, म्हणून आधी दोन घास पोटात जावेत याची काळजीही तीच घेते, कारण चढल्यावरचे परिणाम तिलाच भोगायचे असतात.

म्हणून आम्ही ठरवलं, करायचं, पण अटी आमच्या. बाटली आम्ही आणणार नाही, ओतणार नाही, विकणार तर मुळीच नाही. परवान्याशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे, आणि गोव्याची बाटली इथे बिनपरवाना आणणं हाही. घरगुती निवास चालवणाऱ्या मैत्रिणींनी हे पाहुण्यांना खोली देतानाच सांगून टाकावं, भीड ठेवू नये. गटातल्या मुली ताट ठेवून परत येतील, तिथे उभ्या राहणार नाहीत. साडेनऊनंतर चूल पेटणार नाही. ही शेवटची अट मैत्रिणीची. ती सांगताना तिचा आवाज जरा चढला होता.

आणि एक अट माझी. ताटाबरोबर बिनदारूचा पेला असणारच, आणि तो विचार करून केलेला असणार. त्या दिवशी पाचांतली एक मुलगी गाडी चालवायची म्हणून पीत नव्हती. बाकीच्यांच्या हातात उंच काचेचे पेले, हिच्या हातात स्टीलच्या भांड्यात पाणी. लग्नाकार्यात, हॉटेलात, सगळीकडे न पिणाऱ्याच्या पुढ्यात हेच येतं. पाणी, नाहीतर बाटलीतलं गोड काळं पाणी. जणू न पिणं ही शिक्षा. मला राहवलं नाही. घरात कोकमाचं आगळ होतं. थंड पाण्यात आगळ, जिरं, किंचित साखर, चिमूट हिंग, वरून कोथिंबीर. तिवळ करून उंच काचेच्या पेल्यात दिलं. तळलेल्या कापांबरोबर तिने घोट घेतला आणि म्हणाली, "हे तर वाइनपेक्षा चांगलं जुळतंय." जुळणारच. पांढऱ्या वाइनचं काम आंबटपणा करतो, आणि आंबटपणात कोकमाचा हात कोण धरेल? आणखी दोघींनी मागून घेतलं. पुरुषांनी ढुंकून पाहिलं नाही, ते असो.

तेव्हापासून आम्ही दोघी यात रमलोय. सुक्या बांगड्याबरोबर आगळ आणि सोडा, साखर अजिबात नको. चोरीससारख्या तिखटाबरोबर गुळाचं कैरीचं पन्हं, वेलची न घालता, कारण गोडाने तिखट निवतं आणि वेलची मसाल्यात लुडबुड करते. साध्या खारवलेल्या काजूंबरोबर बोंडूचा रस. त्याला मात्र खटपट आहे. बोंडू घशाला धरतो, तांबड्या वाइनसारखाच तुरट. साबुदाण्याची पातळ पेज रसात घालून ठेवली की तुरटपणा खाली बसतो, वरचा नितळ रस काढून घ्यायचा. पूर्ण निथळू नका, थोडा तुरटपणा हवा. तोच तर तेल सोडवतो.

बोंडूवरून आठवलं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे. तिथून निघालेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आपल्या परसात आहेत. आपण बी काढून घेतो, आणि फळ? झाडाखाली कुजतं, माशा घोंगावतात. नदीच्या पलीकडे त्याच फळाची फेणी होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा म्हटलं. इकडेही बोंडूपासून वाइन करू द्या, अशी मागणी अधूनमधून होते. माझं मत विचाराल तर मला भट्टी नको. भट्टी आली की ती बायकांच्या हातात राहत नाही, आणि माल सगळ्यात आधी गावातच खपतो. पण सरबत, सिरप, मीठ लावून वाळवलेले काप, यांना दारूचा परवाना कुठे आडवा येतो? गेल्या हंगामात आम्ही चाळीस बाटल्या सिरप केलं. बारा बाटल्या फसफसल्या, कारण बाटल्या नीट उकळून घेतल्या नव्हत्या. उघडली तेव्हा बूच छपराला! मैत्रीण म्हणाली, "घ्या वैनी, झाली तुमची वाइन." ओतून टाकल्या.

पैशाचं सांगायचं राहिलं. पहिल्या ताटाचे तिने घेतले ६०० रुपये. पाच माणसांचं ताट. मी हिशेब मांडायला बसवलं. मासळी, काजू, नीरफणस, तेल, कैरी मिळून ३२० झाले. चोरीस वेगळी. "म्हणजे २८० सुटले!" ती खूश. मी विचारलं, लाकडं? "ती घरचीच." कोकम? "ता पण घरचा." बांगड्याचे काटे काढायला किती वेळ? "तासभर." एकूण? तिने बोटं मोजली. बाजारापासून भांड्यांपर्यंत पाच तास, दोन बायका. आणि घरचं कोकम म्हणजे काय आकाशातून पडलं? रातांबे कुणी फोडले, मीठ कुणी घातलं, उन्हात कुणी उलटलं? हे लिहायला कागदावर रकानाच नव्हता. मी रेघ मारून रकाना केला आणि वर लिहिलं, 'आपली मजुरी'. दोघींचे पाच-पाच तास, तासाला चाळीस रुपये धरले तरी चारशे. ती आकड्याकडे बघत राहिली. वीस वर्षांचा हिशेब करत होती की काय, मला विचारवलं नाही.

काल पुन्हा फोन. कोल्हापूरची मंडळी येतायत, सहाजण, त्यांनाही तसलंच ताट हवंय. दोघं पीत नाहीत, तर तिवळ आणि पन्हं दोन्ही करते म्हणाली. पैसे आधी घेतलेत. शेवटी जरा घुटमळली.

"वैनी, नऊशे सांगितलंय. जास्त झाले काय ओ?"

"नाही," मी म्हटलं. "काप कोण तळणार?"

"जाऊबाईक बोलवलंय. तिका दोनशे दितलंय."